पत्रादेवी, नार्वे, कुंकळ्ळी : मारल्या गेलेल्यांची आठवण गोवा कशी जपतो?

पेडणे / डिचोली : बांद्याहून गोव्याकडे येताना पत्रादेवीचा नाका ओलांडला की मुंबई-गोवा महामार्ग सुसाट होतो. मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या, भाजीचे ट्रक, सुट्टीला निघालेले पर्यटक, सगळेच घाईत असतात. याच पत्रादेवीत एक हुतात्मा स्मारक आहे. वर्षातून ठरावीक दिवशी तिथे मंत्री येतात, पुष्पचक्र वाहतात, पोलीस मानवंदना देतात, भाषणं होतात. उरलेले दिवस मात्र स्मारक तसं एकटंच असतं.

इथे नक्की काय झालं होतं, कोण मेलं, किती मेले, हे सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या किती जणांना सांगता येईल? आणि पोर्तुगिजांच्या साडेचारशे वर्षांच्या राजवटीत ज्यांचा जीव गेला, ज्यांची देवळं गेली, जमिनी गेल्या, त्यांची आठवण आपल्या समाजाने कुठे आणि कशी ठेवली आहे? सरकारी कार्यक्रमांच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यामागचा हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ.

आधी शब्दाचा हिशेब

सोशल मीडियावर हल्ली गोव्याच्या बाबतीत 'वंशसंहार' हा शब्द सर्रास वापरला जातो. शब्द मोठा आहे, म्हणून तो तपासूनच वापरलेला बरा. इंग्रजीतला मूळ शब्द राफाएल लेमकिन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये तयार केला आणि १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याची कायदेशीर व्याख्या ठरवली. राष्ट्र, वंश, जात किंवा धर्म यावरून ओळखला जाणारा एखादा समूह पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करायच्या हेतूने केलेली कृत्यं, असा तिचा गाभा आहे.

वसाहतकाळातलं याचं ठळक उदाहरण आफ्रिकेतल्या नामिबियाचं. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा समाजाची कत्तल केली. सुमारे ८० हजार हेरेरोंपैकी ६५ हजारांच्या आसपास आणि २० हजार नामांपैकी निम्मे लोक मेले, असा अंदाज सांगितला जातो. गोळीने, वाळवंटात तहानेने आणि नंतर छळछावण्यांत.

गोव्यात जे घडलं ते या मापाचं नव्हतं. इथे धर्माच्या नावाने छळ झाला, देवळं पाडली गेली, लोकांना गाव सोडावं लागलं, इन्क्विझिशनचे खटले चालले, बंड करणाऱ्यांना ठार मारलं गेलं आणि शेवटी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. याला छळ म्हणा, हत्याकांड म्हणा. शब्द छोटा केला म्हणून मेलेल्यांचं दुःख छोटं होत नाही. उलट नको तितका मोठा शब्द वापरला की समोरचा माणूस शब्दावरच वाद घालत बसतो आणि मेलेले बाजूला राहतात.

पेडणे-डिचोलीची गोष्ट वेगळी का?

गोव्याबाहेरच्या वाचकांचा इथे हमखास गोंधळ होतो. 'गोव्यावर पोर्तुगिजांचं ४५० वर्षं राज्य होतं' हे वाक्य सगळ्या गोव्याला लागू नाही. १५१० नंतर पहिल्या टप्प्यात तिसवाडी, बारदेस आणि सासष्टी हे भाग त्यांच्या ताब्यात गेले. त्यांना जुन्या काबिजादी म्हणतात. डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके त्यांच्याकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. डिचोली-सत्तरी १७८० च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. या नव्या काबिजादी.

म्हणजे सोळाव्या शतकात देवळं पाडली जात होती तेव्हा डिचोली आणि पेडणे ही पलीकडची, आसऱ्याची जागा होती. नदी ओलांडली की माणूस सुटला. माणसांबरोबर देवही आले. बारदेसातल्या सांगोल्ड्याची शांतादुर्गा पेडण्यातल्या धारगळला आली. चोडण बेटावरचा देवकीकृष्ण आधी डिचोलीतल्या मये गावात आला आणि तिथून पुढे माशेलला गेला.

या भागातल्या कितीतरी घराण्यांचं कुलदैवत एका गावात, देवाचं मूळ स्थान दुसऱ्या गावात आणि स्वतःचं घर तिसरीकडे, कधी सिंधुदुर्गात, कधी बेळगावात, कधी कारवारात असतं. 'आमचं मूळ गाव तिकडचं' हे वाक्य आजी-आजोबांकडून आपण ऐकतो. त्या एका वाक्यात चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं पलायन असतं. दगडाचं स्मारक बांधण्याच्या कितीतरी आधी लोकांनी आठवण जपायची ही पद्धत काढली होती.

नार्वे : देव हलला, तीर्थ राहिलं

डिचोली तालुक्यातलं नार्वेचं सप्तकोटेश्वर मंदिर हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी ते पाडलं. विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं. १५४० च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते परत पाडलं. शिवलिंगाचा दगड विहिरीवर पाणी ओढायला वापरला गेला, असं सांगतात. मग लोकांनी ते लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला आणलं. पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवळाचा जीर्णोद्धार झाला, तसा शिलालेख देवळात आहे. अलीकडे गोवा सरकारने नूतनीकरण केलं आणि ११ फेब्रुवारी २०२३ रोजी मंदिर पुन्हा खुलं झालं.

या कहाणीत देऊळ दोनदा पडलं आणि पाडणारे वेगवेगळे होते. आपल्याला सोयीची तेवढी एकच पडझड आठवायची आणि दुसरी विसरायची, असं केलं तर ती आठवण राहत नाही, प्रचार होतो. नार्वेच्या लोकपरंपरेने तसं केलेलं नाही. गोकुळाष्टमीला लोक आजही नार्वेच्या पंचगंगा तीर्थावर स्नानाला जमतात. राज्यं बदलली, तीर्थ सोडलं नाही. तिथे भाषण नसतं, पुष्पचक्र नसतं. दरवर्षी येणं, पाण्यात उतरणं आणि पोरांना सोबत आणणं, एवढंच असतं.

२०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झालेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटी रुपयांची तरतूद केली, तेव्हा बरीच चर्चा झाली. पैसा लागतोच, त्यात वाद नाही. पण नार्वेची आठवण पाचशे वर्षं टिकली ती तरतुदीवर नाही.

कागदच नाहीत, मग आठवायचं कशावरून?

इन्क्विझिशनच्या बाबतीत अडचण निराळी आहे. गोव्यातलं हे धार्मिक न्यायालय १५६० मध्ये सुरू झालं आणि मधली काही वर्षं वगळता १८१२ पर्यंत चाललं. उरलेल्या सूचीवरून साधारण १६ हजार खटल्यांची नोंद सापडते. प्रत्यक्ष जाळून मारलेल्यांचा आकडा त्या मानाने कमी, काही डझनांत आहे. पण कैद, जप्ती, दंड आणि सततची दहशत या गोष्टी मृत्यूच्या आकड्यात येत नाहीत. खटल्यांची मूळ कागदपत्रं पुढे बहुतांश नष्ट झाली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये या विषयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तोही मिळेल त्या साधनांवरून.

कागद नसले की लोक दगडाला धरतात. जुन्या गोव्यातला 'हातकातरो खांब' असाच आहे. या खांबाला बांधून लोकांचे हात कापले जात, असं लोकपरंपरा सांगते. काही अभ्यासकांच्या मते तो शहरात शिक्षा देण्यासाठी उभारलेला खांब, आणि त्याचा दगड एखाद्या जुन्या देवळाचा असावा. हात कापल्याचा लेखी पुरावा समोर नाही. म्हणून खांब खोटा ठरत नाही. पुरावा आणि लोकस्मृती या दोन वेगळ्या वह्या आहेत. एका वहीतली रक्कम दुसऱ्या वहीत परस्पर टाकली की ताळेबंद जुळत नाही, हे कॉमर्स शिकलेल्या कुणालाही पटेल. दोन्ही वह्या ठेवाव्यात, फक्त वेगळ्या.

कुंकळ्ळी : एका दिवसाची दोन स्मारकं

आता दक्षिण गोव्यात जाऊ, कारण आठवणीचं राजकारण समजायला कुंकळ्ळीइतकं स्पष्ट उदाहरण नाही. त्या काळच्या कॅलेंडरप्रमाणे १५ जुलै १५८३ रोजी सासष्टीतल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट धर्मगुरू आले. आधी पोर्तुगिजांनी इथली देवळं पाडली होती. आता चर्चसाठी जागा बघायला ते आल्याचं कळताच गावकरी भडकले. पाचही जण मारले गेले. त्यांच्यात इटलीतले रुदोल्फ आक्वाव्हिवा होते, जे आधी अकबराच्या दरबारात राहून आले होते. सोबतचा एक पोर्तुगीज आणि १४ स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. त्यात कुंकळ्ळीचाच एक मुलगा होता.

मग सूड आला. बोलणी करायची म्हणून गावच्या १६ प्रमुखांना आसोळण्याच्या किल्ल्यावर बोलावलं गेलं आणि खटला न चालवता त्यांना मारण्यात आलं. एक जण नदीत उडी टाकून निसटला, असं सांगतात. पुढे या गावांच्या जमिनी एका पोर्तुगीज सरदाराला इनाम दिल्या गेल्या. गावकऱ्यांनी सारा द्यायला नकार दिला होता, त्याचीही ही शिक्षा होती.

आता आठवण कशी ठेवली ती बघा. पाच धर्मगुरूंना पोपने १८९३ मध्ये 'धन्य' घोषित केलं. त्यांची नावं, चित्रं, सणाचा दिवस, सगळं जगभर गेलं. गावच्या १६ प्रमुखांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला एकविसावं शतक उजाडलं. आता तिथे १५ जुलैला कार्यक्रम होतो. आणि ते १४ स्थानिक ख्रिस्ती? ते 'धन्य' घोषित झालेल्या पाचांत नाहीत आणि १६ प्रमुखांतही नाहीत. दोन्ही बाजूंच्या यादीच्या मधल्या फटीत ते पडले. आपलीच माणसं होती ती.

पण कुंकळ्ळीने यावर स्वतःचा एक उपाय काढून ठेवला आहे. गावची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण त्या काळात फातर्प्याला हलवली गेली. दरवर्षी शिगम्याच्या दिवसांत तिची पालखी फातर्प्याहून कुंकळ्ळीतल्या मूळ स्थानी येते. सोबत रंगीत छत्र्या असतात, गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे बारा घराण्यांच्या. लोक याला 'सांत्रे' किंवा छत्रोत्सव म्हणतात. या बारा वांगडांत आजचे हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. धर्म बदलला तरी छत्रीवरचा मान गेला नाही. १५८३ मध्ये ज्या गावाचे दोन तुकडे झाले, ते गाव वर्षातून एक दिवस एकाच पालखीमागे चालतं.

पत्रादेवी : १५ ऑगस्ट १९५५

आता परत पेडण्यात. भारत स्वतंत्र झाला तरी गोवा पोर्तुगिजांकडेच राहिला. १९५४ मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी पेडण्यातल्या तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्या वर्षी मे महिन्यापासून नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांच्यासारख्यांच्या तुकड्या गोव्यात शिरल्या, मार खाल्ला, तुरुंगात गेल्या.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले ३ ते ५ हजार निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून सीमा ओलांडायला निघाले. सावंतवाडी, बांदा ही तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातली गावं या बाजूची शेवटची मुक्कामाची ठिकाणं होती. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी सीमेवर एकूण २१ ते ३० सत्याग्रही मारले गेले, असे वेगवेगळे आकडे दिले जातात. जखमी शेकड्यांत होते.

पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय तिरंगा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळ्या लागल्या, पण त्या वाचल्या आणि १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या. कर्नेलसिंग बेनिपाल हा पंचविशीतला पंजाबी शिक्षक इथेच गोळी लागून मेला. तो लुधियाना जिल्ह्यातल्या इसरू गावचा. इसरूत दरवर्षी १५ ऑगस्टला त्याच्या स्मरणार्थ मेळावा भरतो, पंजाबचे मोठमोठे पुढारी तिथे जातात.

ज्या गावाने गोवा कधी बघितला नाही, ते गाव पत्रादेवी विसरलं नाही. पत्रादेवीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्या पोरांना इसरू हे नाव माहीत आहे का?

गोळीबारानंतर केंद्र सरकारने सामुदायिक सत्याग्रहाला मनाई केली, सीमा बंद झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मधली सहा वर्षं सीमेवरच्या कुटुंबांनी नातेवाइकांची तोंडं बघितली नाहीत, लग्नं अडली, बाजार बुडाले. तो भाग कुठल्याच स्मारकावर कोरलेला नाही, पण आपल्या घरांत तो अजून सांगितला जातो.

माफी कोण कोणाची मागतं?

नामिबियाच्या बाबतीत जर्मनीने मे २०२१ मध्ये वंशसंहार झाल्याचं मान्य केलं आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो द्यायची तयारी दाखवली. पण बोलणी दोन सरकारांत झाली, आम्हाला नीट विचारलंच नाही, ही हेरेरो-नामा संघटनांची तक्रार आहे. २८ मे २०२५ ला नामिबियाने पहिल्यांदा अधिकृत स्मृतिदिन पाळला.

पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये मोझांबिकमध्ये जाऊन १९७२ च्या विरियामू हत्याकांडाबद्दल माफी मागितली. कोश्तांचं घराणं मडगावचं, वडिलांकडून ते गोंयकार. २०१७ मध्ये ते गोव्यात आले तेव्हा त्यांचं घरच्या माणसासारखं स्वागत झालं. त्यांची मोझांबिकमधली माफी विरियामूसाठी होती, पत्रादेवीसाठी नव्हती. पोर्तुगालने माफी मागावी का, यावर गोव्यात मतं वेगवेगळी आहेत. पण माफी स्वीकारायची झाली तर कोणाच्या वतीने स्वीकारणार? त्यासाठी आधी आपल्याकडे मेलेल्यांची पूर्ण यादी हवी.

नुसत्या माफीने भागत नाही हे मये गाव सांगेल. पोर्तुगिजांनी तिथली जमीन एका काउंटला दिली होती. मुक्तीनंतर ती 'स्थलांतरितांची मालमत्ता' म्हणून सरकारी कस्टोडियनकडे गेली आणि पिढ्यान्पिढ्या कसणारे मयेकर आपल्याच घराखालच्या जमिनीचे मालक नव्हते. २०१४ मध्ये गोव्याने त्यासाठी कायदा केला, त्यानंतर सनदा द्यायला सुरुवात झाली. मुक्ती १९६१ ची आणि कायदा २०१४ चा. मधली ५३ वर्षं कुठल्या खात्यात धरायची?

मग आपण काय करायचं?

वरची सगळी उदाहरणं ताडून बघितली की एक गोष्ट दिसते. जिथे आठवणीसाठी लोकांना दरवर्षी स्वतः काही करावं लागतं, तिथे ती टिकली. नार्वेचं स्नान, फातर्प्याची छत्री, इसरूचा मेळावा ही कामं कोणाच्या आमंत्रणावर चालत नाहीत. जिथे आठवण पाहुण्यांच्या हातात सोपवली, तिथे पाहुणे गेले की ती गेली.

पत्रादेवीची आठवण अजून पाहुण्यांच्या हातात आहे. १९५५ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, पेडणे, डिचोली, बेळगाव इथे अशी माणसं आहेत, पण ती फार काळ नसतील. त्यांनी काय बघितलं, जखमींना कुठे नेलं, कोणाच्या ओसरीवर सत्याग्रही झोपले, हे मोबाईलवर रेकॉर्ड करायला सरकारी परवानगी लागत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांना हा एका वर्षाचा प्रकल्प पुरेल. मेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि गाव शोधून १५ ऑगस्टला ते मोठ्याने वाचायचं. पाहुणा आला तर त्याच्यासमोर वाचायचं, नाही आला तरी वाचायचं.

त्या यादीत पंजाबी नावं असतील, हिंदी असतील, मराठी असतील. पुढची पंधरा मिनिटं ती वाचायला लागली, तर नाक्यावरची वाहतूक तेवढी थांबू शकते.